हलणारा दात आणि चुकणारा ठोका

वसईजवळच्या सातिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात पाळी बदलायच्या वेळेला गाळ्यांबाहेर उभं राहिलं, की तळहातावर तंबाखू मळणारे अंगठे दिसतात. चुना लावून मळलेली चिमूट खालच्या ओठाच्या आत जाते, नेमकी हिरडीला लागून. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून कुणी ती घेतं, कुणी भूक मारायला, आणि कुणी दाढ ठणकते म्हणून. शेवटचं कारण महाराष्ट्रात फार जुनं आहे. कितीतरी घरांत बायका अजूनही तंबाखू तव्यावर जाळून केलेली मशेरी सकाळी दातांना लावतात, ती दात मजबूत राहतात या समजुतीनं. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडची तंबाखू मुख्यतः फुप्फुसात जात नाही, हिरडीवर बसते.

पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली होती. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. त्याचा रोख कर्करोगावर होता, आणि ते योग्यच होतं. पण त्यानंतर आपल्या मनात तंबाखू, तोंड आणि कर्करोग हे एकच समीकरण पक्कं बसलं. हिरड्यांची झीज, हलणारे दात, दात घासताना येणारं रक्त, तोंडाची दुर्गंधी यांना आपण पायोरिया म्हणून सोडून देतो. या सोडून दिलेल्या दुखण्याचा छातीतल्या ठोक्यांशी काही संबंध आहे का, हा प्रश्न गेली पंधरा-वीस वर्षं संशोधक गंभीरपणे विचारत आहेत.

आधी ठोक्यांबद्दल. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटी गाठ असते. तिथून निघालेली विजेची लहर आधी वरच्या दोन कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, पसरते आणि मग खालच्या निलयांत उतरते. मिनिटाला साठ ते शंभर वेळा हे होतं. एट्रियल फिब्रिलेशन या आजारात, ज्याला डॉक्टर थोडक्यात एएफ म्हणतात, अलिंदांत एकाच वेळी अनेक लहरी भरकटतात. ती मिनिटाला साडेतीनशेहून अधिक वेळा नुसती थरथरतात, नीट आकुंचन पावत नाहीत. खालच्या कप्प्यांपर्यंत यातल्या काहीच लहरी पोचतात, त्याही कशाही अंतरानं, म्हणून मनगटावरची नाडी बेताल लागते. काहींना धडधड जाणवते, काहींना दम लागतो, आणि बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही. खरा धोका थरथरणाऱ्या डाव्या अलिंदात साकळणाऱ्या रक्ताचा. तिथली गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीत एएफ असलेल्यांना हा धोका इतरांच्या पाचपटीहून अधिक दिसला होता. संधिवाताच्या तापानं झडप बिघडलेली असताना एएफ झाला, तर सुमारे सतरापट.

आता तोंडाकडे येऊ. निरोगी हिरडी दाताला घट्ट बिलगलेली असते. दातांवर कीटण साचलं, त्यात जंतूंनी वस्ती केली, की हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मध्ये खोबणी तयार होतात. या खोबणींच्या आतलं अस्तर सुजलेलं आणि जागोजागी फाटलेलं असतं. पूर्ण तोंडातलं असं अस्तर पसरून मोजलं, तर पायोरियाच्या रुग्णात ते साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं. एवढी जखम पायाच्या पोटरीवर असती तर माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता. तोंडातली दिसत नाही आणि फारशी दुखतही नाही, म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि तिच्यातून जंतू रक्तात उतरत राहतात.

हा नुसता अंदाज नाही. अमेरिकेतले डॉ. पीटर लॉकहार्ट यांनी २९० रुग्णांवर केलेली पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसतं ब्रशनं दात घासल्यावर २३ टक्के लोकांच्या रक्तात, हृदयाच्या अस्तराला संसर्ग करू शकणारे तोंडातले जंतू सापडले. प्रतिजैविक न देता दात काढल्यावर हे प्रमाण ६० टक्के झालं, आणि आधी अमॉक्सिसिलिन दिलं असेल तर ३३ टक्के. दात वर्षातून एखाद्या वेळी काढला जातो, घासले रोज जातात. त्यामुळे हिरडी सुजलेली असेल तर रक्तात जंतू सोडण्याचं काम दंतवैद्याच्या खुर्चीपेक्षा घरच्या मोरीवर जास्त होतं. यातून दात घासणं थांबवावं असा अर्थ कुणी काढू नये. हिरडी बरी असेल तर घासण्यानं फारसे जंतू आत जात नाहीत.

रक्तात गेलेले बहुतेक जंतू पांढऱ्या पेशी काही मिनिटांत संपवतात. मग हृदयाच्या तालाशी त्यांचा संबंध कसा? इथे जपानमधल्या हिरोशिमा विद्यापीठाचं काम फार महत्त्वाचं आहे. शुन्सुके मियाउची आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाताच्या गाभ्यात पोर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू सोडला. पायोरियात हाच जंतू ठळकपणे आढळतो. बारा आठवड्यांनी उंदरांच्या हृदयात फारसा फरक दिसला नाही. अठरा आठवड्यांनी मात्र विजेच्या धक्क्यानं एएफ सुरू होण्याचं प्रमाण बाधित उंदरांत ३० टक्के आणि निरोगी उंदरांत ५ टक्के निघालं. बाधित उंदरांच्या डाव्या अलिंदात हा जंतू पोचलेला होता, आणि तिथल्या स्नायूत तंतुमय जाळं जास्त वाढलेलं होतं. वयामुळे असं जाळं निरोगी उंदरांतही थोडं वाढतंच. त्यांच्यात ते १६.३ टक्के होतं, बाधितांत २१.९ टक्के. याच गटानं हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या एएफच्या ६८ रुग्णांच्या अलिंदाचे तुकडे तपासले. त्यांतही हा जंतू सापडला, आणि ज्यांचा पायोरिया जास्त त्यांच्यात तो जास्त होता. हे सगळं २०२५ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आलं.

तंतुमय जाळं महत्त्वाचं का, तर विजेची लहर निरोगी स्नायूतून सरळ पसरते. मध्ये निबर, व्रणासारखी ऊती आली की ती अडते, वळसा घेते आणि फिरत राहते. एएफची मुळं या वळशांत असतात. जंतू स्वतः अलिंदात पोचला नाही तरी एक दुसरा रस्ता उघडाच असतो. सुजलेल्या हिरडीमुळे रक्तातले दाहाचे घटक, उदाहरणार्थ सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६, कायम थोडे वाढलेले राहतात, आणि हाच मंद दाह हृदयाच्या स्नायूलाही पोळत राहतो.

माणसांच्या मोठ्या पाहण्या याच दिशेनं बोट दाखवतात. तैवानमध्ये लाखो लोकांच्या विमा-नोंदी पाहिल्या, तेव्हा पायोरिया असलेल्यांत एएफचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत सुमारे सहा हजार लोकांच्या हिरड्या मोजून वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला; गंभीर पायोरियात तिथेही तेवढाच वाढीव धोका दिसला. कोरियात १,६१,२८६ लोकांच्या दहा वर्षांहून अधिक काळच्या नोंदींत, दिवसातून तीन किंवा अधिक वेळा दात घासणाऱ्यांत एएफ १० टक्क्यांनी कमी होता. हिरोशिमाच्याच एका पाहणीत एएफसाठी कॅथेटरनं उपचार झालेले २८८ रुग्ण होते. त्यांतल्या ज्यांच्या हिरड्यांची सूज गंभीर होती पण उपचारानंतर ज्यांनी हिरड्याही नीट करून घेतल्या, त्यांच्यात एएफ परत येण्याची शक्यता ६१ टक्क्यांनी कमी दिसली.

हे आकडे वाचून मला आशा वाटते, पण त्यांच्यावर पूर्ण भार टाकायला मी तयार नाही. पायोरिया कुणाला होतो? वय झालेल्यांना, मधुमेहींना, तंबाखूवाल्यांना, ज्यांना दंतवैद्य परवडत नाही त्यांना. एएफसुद्धा बराचसा याच माणसांना होतो. तीनदा दात घासणारा माणूस बहुधा बाकीची तब्येतही सांभाळणारा असतो. संशोधक गणितानं हे गुंते सोडवायचा प्रयत्न करतात, पण ते पूर्ण सुटत नाहीत. शिवाय हिरोशिमाच्या रुग्णांपैकी हिरड्यांचे उपचार कुणी घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांनी घेतले ते आधीपासूनच जास्त काळजी घेणारे असू शकतात. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये सगळा पुरावा चाळून हेच म्हटलं होतं, की पायोरिया आणि हृदयविकार यांचा संबंध दिसतो, पण एक दुसऱ्याचं कारण आहे हे सिद्ध झालेलं नाही.

सावध राहण्यामागे इतिहासही आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलमध्ये भाषण देऊन तोंडातल्या लपलेल्या संसर्गावर शरीरातल्या अनेक आजारांचा ठपका ठेवला. पुढची वीस-तीस वर्षं युरोप-अमेरिकेत सांधेदुखीपासून मानसिक आजारापर्यंत कशासाठीही चांगले दात उपटले गेले. माणसं बोळकी झाली आणि आजार होते तिथेच राहिले. त्यामुळे ‘दात काढून टाका, धडधड थांबेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

तंबाखूच्या बाबतीतही सरसकट विधान करता येत नाही. निकोटिन ठोके वाढवतं आणि रक्तदाब चढवतं, हे पक्कं आहे. पण स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची स्नूस वापरणाऱ्या पुरुषांच्या एकत्रित पाहणीत एएफचा स्पष्ट वाढीव धोका दिसला नाही. स्नूस आणि चुन्यात मळलेली तंबाखू यांत मात्र बराच फरक आहे. आपल्याकडची तंबाखू जिथे ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. सातिवलीतल्या किंवा विरारमधल्या तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या हिरडीचा आणि नाडीचा एकत्र अभ्यास व्हायला हवा. हिरोशिमात होऊ शकतो तर मुंबईत का नको? मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालय आणि नायर दंत महाविद्यालय शेजारी शेजारी उभी आहेत, आणि वसई रोडहून लोकल थेट तिथे जाते.

इथवरचं सगळं ‘असू शकतं’ या सदरातलं. यापुढचं मात्र सिद्ध झालेलं आहे, आणि आपल्या भागासाठी तेच जास्त मोलाचं आहे.

श्रीमंत देशांत एएफ हा प्रामुख्यानं म्हाताऱ्यांचा आजार आहे. भारतात तो त्यापेक्षा तरुण वयात गाठतो, आणि त्यामागे पुष्कळदा संधिवाताच्या तापानं बिघडलेली झडप असते. भारतातल्या २४ केंद्रांवर २०११-१२ मध्ये नोंदवलेल्या एएफच्या १,५३७ रुग्णांचं सरासरी वय ५४.७ वर्षं होतं, आणि त्यांतल्या ४७.६ टक्क्यांना झडपेचा हा आजार होता. अनेक देशांतल्या आणखी एका नोंदणीत भारतात हे प्रमाण ३१.५ टक्के आलं, तर उत्तर अमेरिकेत अवघं २.२. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संधिवाताचा ताप किडक्या दातामुळे होत नाही. तो लहानपणी घशाला झालेल्या एका विशिष्ट स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गातून येतो. दाटीवाटीच्या घरांत, एका खोलीत सहा माणसं झोपतात तिथे, तो जास्त पसरतो. दाताचा संबंध पुढे येतो. एकदा झडप खरखरीत झाली, किंवा तिच्या जागी कृत्रिम झडप बसवली, की तोंडातून रक्तात उतरलेल्या जंतूंना चिकटायला जागा मिळते. यातून होणारा हृदयाच्या अस्तराचा संसर्ग वेळेत ओळखला नाही तर जीव घेतो.

म्हणून ज्यांना कृत्रिम झडप आहे, ज्यांना असा संसर्ग आधी होऊन गेला आहे, किंवा ज्यांना जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक प्रकार आहेत, त्यांनी दात काढण्याआधी किंवा हिरडीतलं काम करण्याआधी अर्धा ते एक तास प्रतिजैविक घ्यावं, असं अमेरिकेतली आणि युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. प्रौढाला सहसा दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिन. झडप बिघडलेली पण अजून स्वतःचीच असेल, तर निर्णय हृदयरोगतज्ज्ञाला विचारून घ्यावा. संधिवाताचा ताप परत येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते दंतवैद्याला आवर्जून सांगावं. त्यांच्या तोंडातले जंतू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात, म्हणून त्यांना वेगळ्या गटातलं औषध द्यावं लागतं. आणि झडपेची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर दातांचं काम आधी उरकून घ्यावं. सर्जन तसा आग्रह धरतात, त्यामागे हेच कारण आहे.

दुसरी सिद्ध गोष्ट औषधांची. एएफच्या रुग्णाला गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. मायट्रल झडप अरुंद झालेल्यांना आजही वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल हीच जुनी औषधं द्यावी लागतात. डॉ. गणेशन कार्तिकेयन यांचा पुढाकार असलेल्या इन्व्हिक्टस या चाचणीत २४ देशांतले ४,५३१ रुग्ण होते. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार संधिवाती झडपेच्या एएफमध्ये ही जुनी औषधं नव्या रिव्हरॉक्सबॅनपेक्षा सरस ठरली. या गोळ्यांचा परिणाम आयएनआर नावाच्या रक्ततपासणीनं मोजतात. बहुतेकांत तो आकडा २ ते ३ च्या मध्ये ठेवतात, काही कृत्रिम झडपांत थोडा वर.

आता दाढ ठणकली की काय होतं ते बघा. माणूस दवाखान्यात न जाता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो. आता डॉक्टरकडे गेलं तर खाडा पडेल, असा त्याचा हिशोब असतो, आणि रोजावर काम करणाऱ्याचा हा हिशोब चुकीचा म्हणणं मला जमत नाही. त्याला सूज आणि दुखीवर गोळ्या मिळतात, त्यांत मेट्रोनिडॅझोल असतं आणि सोबत एखादं वेदनाशामक. मेट्रोनिडॅझोल वॉरफेरिनचं शरीरातलं विघटन रोखतं. तीन-चार दिवसांत आयएनआर धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. त्यावर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक पडलं की पोटातून रक्तस्रावाची भीती आणखी वाढते. तोंडातल्या बुरशीवर लावायची मायकोनॅझोल जेलसुद्धा वॉरफेरिनशी असंच वागते. ॲझिथ्रोमायसिन आणि ओफ्लॉक्सासिन ही औषधं काही माणसांत हृदयाच्या विजेचा क्रम लांबवून घातक ठोके सुरू करू शकतात. दाढेची गोळी आणि हृदयाची गोळी एकाच पोटात जातात, पण त्यांच्या चिठ्ठ्या दोन वेगळ्या पिशव्यांत पडलेल्या असतात.

याच्या उलट चूकही सर्रास होते. दात काढायचा म्हणून रुग्ण स्वतःच आठ दिवस रक्त पातळ करणारी गोळी बंद करतो. काढलेल्या दाताच्या खोबणीतलं रक्त कापसाचा बोळा चावून, टाका घालून, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या द्रावणानं थांबवता येतं. मेंदूत गेलेली गुठळी अशी थांबवता येत नाही. ब्रिटनमधली तत्त्वं सांगतात, की आदल्या २४ तासांतला आयएनआर ४ च्या खाली असेल तर वॉरफेरिन चालू ठेवून साधा दात काढता येतो. नव्या गोळ्यांच्या बाबतीत कधी एखादा डोस पुढे ढकलतात, पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा.

दंतवैद्याच्या खुर्चीवर बसल्यावर छाती धडधडते, ती वेगळी. भुलीच्या इंजेक्शनमध्ये लिग्नोकेनबरोबर थोडं ॲड्रिनलिन असतं, भूल जास्त वेळ टिकावी आणि रक्त कमी यावं म्हणून. ते थेट रक्तवाहिनीत गेलं तर काही मिनिटं ठोके जोरात पडतात. निरोगी माणसाला त्याचं काही होत नाही. एएफच्या रुग्णात दंतवैद्य मात्रा मर्यादित ठेवतात आणि सुई टोचल्यावर आधी मागे ओढून बघतात. पण भूलच नको म्हणणं उलटं पडतं, कारण वेदना आणि भीतीनं शरीर स्वतःच इंजेक्शनपेक्षा जास्त ॲड्रिनलिन ओततं. काहींना याउलट चक्कर येते, ठोके मंदावतात, घाम सुटतो. त्यांना आडवं करून पाय वर उचलले की बहुतेक वेळा काही क्षणांत बरं वाटतं.

मधुमेह असेल तर या सगळ्याला आणखी एक पीळ बसतो. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते, सुजलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत, आणि मधुमेह स्वतः एएफचा धोका वाढवतो. हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए-वन-सी ही चाचणी साधारण ०.४ अंकानं उतरते, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. एका स्केलिंगकडून, म्हणजे दातांच्या सफाईकडून, एवढी अपेक्षा फार कमी लोक करत असतील. एएफ टळो न टळो, मधुमेहाच्या रुग्णाला हिरड्या नीट करून घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

नाडी बघायला यंत्र लागत नाही. मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावं. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं बहुतेकदा निरुपद्रवी असतं. ताल कुठेच सापडत नसेल, प्रत्येक ठोक्याचं अंतर वेगळं लागत असेल, तर ईसीजी काढून घ्यावा. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह-रक्तदाब असलेल्यांनी आणि लहानपणी सांधे सुजून ताप आलेल्यांनी ही सवय लावून घ्यावी. आणि दंतवैद्याकडे जाताना हृदयाची चिठ्ठी, गोळ्यांची पाकिटं, शेवटचा आयएनआर हे सगळं एकाच पिशवीत न्यावं. हृदयरोगतज्ज्ञाकडे गेल्यावर हिरड्यांतून रक्त येतं हेही सांगावं, त्यांनी विचारलं नाही तरी.

एक दुखणं मात्र दाताचं वाटतं आणि दाताचं नसतं. जिना चढताना, ओझं उचलताना, घाईनं स्टेशन गाठताना खालचा जबडा दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा दुखतो आणि थांबलं की दुखणं ओसरतं. हृदयाला रक्त कमी पडल्यावर ही कळ छातीऐवजी जबड्यात उमटू शकते. एका पाहणीत हृदयाला रक्त कमी पडलेल्या दर शंभरांतल्या सहा रुग्णांना चेहऱ्या-जबड्याच्या दुखण्याखेरीज दुसरं लक्षणच नव्हतं. अशा वेळी दात चांगला की किडका हे बघत बसू नये. विश्रांती घेऊनही कळ थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर १०८ ला फोन करावा.